रास्त मूल्याचे मापन आणि प्रकटीकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना

कंपनीच्या ताळेबंदात मालमत्ता कोणत्या किमतीस दाखवावी, हा लेखाशास्त्रातील जुना प्रश्न आहे. ज्या किमतीस मालमत्ता खरेदी केली ती मूळ खर्चाची किंमत दाखवावी, की ताळेबंदाच्या दिवशी त्या मालमत्तेची जी किंमत येईल ती दाखवावी, याविषयी लेखापाल, नियामक आणि अर्थतज्ज्ञ यांच्यात दीर्घकाळ मतभेद राहिले. वित्तीय मालमत्तेच्या बाबतीत, म्हणजे समभाग, कर्जरोखे, म्युच्युअल फंडांचे युनिट, दिलेली कर्जे आणि व्युत्पन्न करार यांच्या बाबतीत, गेल्या तीन दशकांत हा वाद बऱ्याच अंशी रास्त मूल्याच्या बाजूने झुकला. भारतात 'इंड एएस' या नावाने ओळखली जाणारी लेखामानके फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिसूचित झाली आणि १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यांपैकी इंड एएस १०९ वित्तीय मालमत्तेचे वर्गीकरण ठरवते, तर इंड एएस ११३ रास्त मूल्य कसे मोजावे आणि त्याविषयी कोणती माहिती द्यावी हे सांगते.

या विषयावरील चर्चा बहुधा 'मूळ खर्च की रास्त मूल्य' या द्वंद्वातच अडकून पडते. प्रस्तुत लेखात त्या द्वंद्वाच्या पलीकडील एका प्रश्नाची चिकित्सा केली आहे. बाजारात दिसलेली किंमत आणि कंपनीने गृहीतकांच्या आधारे काढलेली किंमत या दोन्हींना लेखामानक 'रास्त मूल्य' हे एकच नाव देते. हा भेद वार्षिक अहवालाच्या वाचकापर्यंत कितपत पोहोचतो आणि त्या भेदाला व्यवहारात काही परिणाम आहे काय, हा तो प्रश्न होय.

'रास्त' या शब्दाचा अर्थ

मराठी वाचकाच्या मनात 'रास्त' या शब्दाभोवती न्यायाचा अर्थ आहे. रास्त भावाच्या दुकानातील किंमत ही ग्राहकाच्या कुवतीचा विचार करून शासनाने ठरवलेली किंमत असते. लेखाशास्त्रातील रास्त मूल्यात असा कोणताही नैतिक आशय नाही. अमेरिकेच्या वित्तीय लेखामानक मंडळाने सप्टेंबर २००६ मध्ये १५७ क्रमांकाच्या मानकात केलेली व्याख्या पुढे आंतरराष्ट्रीय मंडळाने मे २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १३ क्रमांकाच्या मानकात आणि त्यावरून भारतीय मानकात आली. मापनाच्या दिवशी, बाजारातील सहभागी घटकांमधील सुव्यवस्थित व्यवहारात, मालमत्ता विकली असता जी किंमत मिळेल किंवा दायित्व हस्तांतरित केले असता जी किंमत द्यावी लागेल ती म्हणजे रास्त मूल्य, असा त्या व्याख्येचा आशय आहे.

या व्याख्येतील तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे ही विक्रीची किंमत आहे, खरेदीची नव्हे. दुसरी म्हणजे कंपनीला स्वतःला त्या मालमत्तेविषयी काय वाटते याला येथे स्थान नाही. बाजारातील इतर घटक कोणती गृहीतके धरतील ते पाहायचे आहे. तिसरी म्हणजे व्यवहार प्रत्यक्षात झालेला नसतो, तो कल्पिलेला असतो. म्हणजे रास्त मूल्य हे मुळातच एका काल्पनिक विक्रीचे उत्तर आहे. बाजार खोल आणि चालता असेल तेथे ही कल्पना वास्तवाच्या अगदी जवळ असते. जेथे बाजारच नाही, तेथे मात्र कंपनीला बाजाराची कल्पना करावी लागते आणि मग किमतीचीही.

तीन स्तर आणि गृहीतकांचे वजन

हा फरक लेखामानकाने ओळखला आहे. त्यासाठी मापनाच्या आदानांची तीन स्तरांची उतरंड घालून दिली आहे. पहिल्या स्तरात त्याच मालमत्तेची चालू बाजारातील, कोणताही फेरफार न केलेली किंमत येते. उदाहरणार्थ, मुंबई शेअर बाजारात रोज व्यवहार होणाऱ्या समभागाचा बंद भाव. दुसऱ्या स्तरात त्या मालमत्तेचा थेट भाव नसला तरी बाजारात दिसणारी इतर आदाने असतात. जसे समान पतमानांकनाच्या रोख्यांवरील परतावा किंवा व्याजदरांचा वक्र. तिसऱ्या स्तरात बाजारात न दिसणारी आदाने येतात. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीतील गुंतवणुकीचे मूल्य काढताना भावी रोखप्रवाह, वाढीचा दर आणि वटावाचा दर ही गृहीतके कंपनीलाच करावी लागतात.

या गृहीतकांचे वजन किती असते ते एका साध्या काल्पनिक उदाहरणावरून दिसेल. एखाद्या नोंदणी नसलेल्या कंपनीतील गुंतवणुकीपासून पुढील वर्षी १० कोटी रुपयांचा रोखप्रवाह अपेक्षित आहे आणि तो दरवर्षी ४ टक्क्यांनी कायम वाढेल असे मानले, तर १२ टक्के वटावदराने तिचे मूल्य १२५ कोटी रुपये येते. वटावदर ११ टक्के आणि वाढ ५ टक्के धरली तर तेच मूल्य सुमारे १६७ कोटी होते. उलट वटावदर १३ टक्के आणि वाढ ३ टक्के धरली तर ते १०० कोटींवर येते. दोन गृहीतकांत प्रत्येकी एका टक्क्याचा बदल केला असता मूल्यात ६७ कोटींचे अंतर पडते. यांतील कोणतेही गृहीतक अविवेकी म्हणता येणार नाही. लेखापरीक्षकालाही त्यांपैकी एखादे चूक ठरवणे कठीण जाते. तथापि ताळेबंदात छापला जातो तो एकच आकडा, आणि त्याच्या शेजारी पहिल्या स्तरातील समभागांचा आकडा असतो तो तेवढ्याच ठामपणे.

या धोक्याचे ठळक उदाहरण म्हणून दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीचा उल्लेख करावा लागतो. अमेरिकेच्या रोखे आयोगाने जानेवारी १९९२ मध्ये या कंपनीला नैसर्गिक वायूचे करार बाजारमूल्याने नोंदवण्यास अनुमती दिली. पुढे जेथे बाजार जवळजवळ नव्हताच अशा व्यवहारांनाही तीच पद्धत लावली गेली. जुलै २००० मध्ये ब्लॉकबस्टर कंपनीबरोबर घरोघरी चित्रपट पोहोचवण्याचा २० वर्षांचा करार झाला. त्या प्रकल्पापोटी भावी उत्पन्नाच्या अंदाजावर ११ कोटी डॉलरांहून अधिक नफा दाखवण्यात आला. काही महिन्यांतच करार मोडला. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एन्रॉनच्या पतनाला इतर गैरव्यवहारही कारणीभूत होते. तरीही अंदाज आणि नफा यांच्यातील सीमारेषा पुसली गेल्यास काय घडते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मूळ खर्चाचा आश्रय

वरील उदाहरणावरून मूळ खर्चाची पद्धतच सुरक्षित होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बाजाराशी किंमत न जोडण्याचे दुष्परिणाम भारतीय मध्यमवर्गाने स्वतः अनुभवले आहेत. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची १९६४ ची युनिट योजना, म्हणजेच यूएस ६४, हिच्या युनिटची किंमत अनेक वर्षे निव्वळ मालमत्ता मूल्याशी निगडित नव्हती. ती संस्था स्वतः जाहीर करत असे. बँकेतील ठेवीइतक्याच विश्वासाने लक्षावधी कुटुंबांनी तीत पैसे ठेवले. योजनेजवळील समभागांचे मूल्य घसरत असतानाही जाहीर किंमत तशी घसरत नव्हती. ज्यांनी वेळेवर युनिट परत केले त्यांना प्रत्यक्ष मूल्यापेक्षा जास्त रक्कम मिळाली आणि ती तफावत मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आली. जुलै २००१ मध्ये योजनेची खरेदी-विक्री थांबवावी लागली आणि जानेवारी २००२ पासून तिची किंमत निव्वळ मालमत्ता मूल्याशी जोडण्यात आली.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण याच प्रकारचे पण अधिक बोलके आहे. या बँकेजवळ २०२२ च्या अखेरीस मुदतपूर्तीपर्यंत धारण करावयाच्या वर्गातील सुमारे ९१ अब्ज डॉलरांचे रोखे होते आणि ते परिशोधित खर्चाने दाखवले होते. व्याजदर वाढल्यामुळे त्यांचे रास्त मूल्य सुमारे १५ अब्ज डॉलरांनी कमी झाले होते, तर बँकेचे एकूण भागभांडवल व राखीव निधी मिळून सुमारे १६ अब्ज डॉलर होते. ही तफावत दडवलेली नव्हती. ती अहवालात नमूद होती. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने विक्रीयोग्य वर्गातील सुमारे २१ अब्ज डॉलरांचे रोखे तोट्याने विकल्याचे जाहीर केल्यावर ठेवीदारांचा धीर सुटला आणि १० मार्च रोजी नियामकांनी बँक ताब्यात घेतली. ज्या वाचकाने टिपा वाचल्या त्याला धोका अगोदर दिसू शकत होता. ज्याने केवळ ताळेबंदाच्या बेरजा पाहिल्या त्याला तो दिसला नाही. म्हणजे मापनाची पद्धत जितकी महत्त्वाची, तितकीच ती माहिती अहवालात कोठे आणि कशी मांडली जाते हेही महत्त्वाचे ठरते.

एका रोख्याची पाच आयुष्ये

भारतीय अनुभवातून हा मुद्दा अधिक स्पष्ट करणारे उदाहरण म्हणजे बँकांचे अतिरिक्त प्रथम श्रेणीचे, अर्थात 'एटी-१' रोखे. या रोख्यांना मुदतपूर्तीची तारीख नसते. ठरावीक वर्षांनंतर ते परत घेण्याचा हक्क बँकेला असतो, बंधन नसते. बहुतेक गुंतवणूकदार मात्र बँक पहिल्याच संधीस रोखे परत घेईल असे धरून चालत. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे असे रोखे शून्यावर आणण्यात आले. तो निर्णय पुढे न्यायालयीन वादाचा विषय झाला; परंतु या रोख्यांतील जोखीम तेव्हा सर्वांसमोर आली.

१० मार्च २०२१ रोजी सेबीने म्युच्युअल फंडांसाठी असा नियम काढला की, मूल्यांकनासाठी अशा रोख्यांची मुदत काढल्याच्या तारखेपासून १०० वर्षे मानावी. याचा परिणाम किती मोठा होता हे आकडेमोडीने दिसते. १०० रुपये दर्शनी किमतीच्या व ८ टक्के व्याजाच्या रोख्यावर बाजार ९.५ टक्के परतावा मागत असेल, तर ५ वर्षांची मुदत धरून त्याची किंमत सुमारे ९४ रुपये २४ पैसे येते आणि १०० वर्षांची मुदत धरून सुमारे ८४ रुपये २१ पैसे. म्युच्युअल फंडांच्या निव्वळ मालमत्ता मूल्यावर आणि बँकांच्या भांडवल उभारणीवर होणारा परिणाम लक्षात घेऊन अर्थ मंत्रालयाने दोनच दिवसांत हा नियम मागे घेण्याची सूचना केली. २२ मार्च रोजी सेबीने सुधारित वेळापत्रक दिले. त्यानुसार मार्च २०२२ पर्यंत उर्वरित मुदत १० वर्षे, त्यानंतरच्या सहामाहीत २० वर्षे, पुढील सहामाहीत ३० वर्षे आणि एप्रिल २०२३ पासून १०० वर्षे मानावयाची होती. पुढे राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने इंड एएस ११३ मधील तत्त्वांचा विचार करून, बाजारातील घटक हे रोखे परतखरेदीच्या तारखेनुसारच तोलतात, असे मत दिले. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने मूल्यांकन परतखरेदीपर्यंतच्या परताव्यावर करण्याचा नियम केला.

या साडेतीन वर्षांत रोख्याच्या करारातील एकही अट बदलली नाही. त्याचे मानीव आयुष्य मात्र दहा, वीस, तीस, शंभर वर्षे आणि अखेर परतखरेदीच्या तारखेपर्यंत असे पाच वेळा बदलले. प्रत्येक टप्प्यावर कागदावर येणारा आकडा 'रास्त मूल्य' याच नावाचा होता. यात कोणाचा हेतू सदोष होता असे म्हणण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये सेबीचे लक्ष गुंतवणूकदाराला जोखमीची जाणीव करून देण्याकडे होते, तर २०२४ मध्ये प्राधिकरणाचे लक्ष बाजार प्रत्यक्षात कसा वागतो याकडे होते. परंतु जोखमीची जाणीव देणे आणि किंमत मोजणे ही दोन कामे एकाच आकड्यावर सोपवली, की त्या आकड्याचा अर्थ अस्थिर होतो. असा प्रसंग केवळ भारतातच आला असे नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये वित्तीय संकटाच्या ऐन भरात आंतरराष्ट्रीय मंडळाने आपल्या ३९ क्रमांकाच्या मानकात घाईने दुरुस्ती करून काही मालमत्ता रास्त मूल्याच्या वर्गातून बाहेर काढण्याची मुभा दिली आणि ती १ जुलै २००८ पासून मागील तारखेने वापरता येईल असे ठरवले.

कायद्याची दोन उत्तरे

रास्त मूल्याने आलेला पण प्रत्यक्षात हाती न पडलेला नफा कितपत विश्वसनीय मानावा, या प्रश्नाला भारतीय कायद्याने दोन वेगळी उत्तरे दिली आहेत आणि त्यांची तुलना बोधप्रद आहे.

पहिले उत्तर कंपनी कायद्याचे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२३ मध्ये २०१७ च्या दुरुस्तीने अशी तरतूद घालण्यात आली की, लाभांशासाठी नफा मोजताना अवसूल नफा, काल्पनिक नफा आणि रास्त मूल्याच्या मापनामुळे मालमत्तेच्या पुस्तकी मूल्यात झालेला बदल वगळावा. या तरतुदीचा हेतू सावधगिरीचा आहे. पण ती सरसकट आहे. शेअर बाजारात उद्या सकाळी विकता येतील अशा समभागांवरील वाढ आणि नोंदणी नसलेल्या कंपनीच्या मूल्याविषयीचा अंदाज, दोन्ही तिच्या लेखी सारखेच. शिवाय ज्या मालमत्तेच्या रास्त मूल्यातील बदल नफा-तोट्यात नोंदवले जातात, तिच्या बाबतीत नफा-तोटा पत्रकात आणि प्रति समभाग उत्पन्नात हाच नफा पूर्णपणे समाविष्ट होतो. एका बाजूने कायदा म्हणतो की हा नफा वाटण्यायोग्य नाही. दुसऱ्या बाजूने लेखामानक म्हणते की हा त्या वर्षाचा नफा आहे. भागधारकाला या दोन विधानांची सांगड स्वतःच घालावी लागते.

दुसरे उत्तर रिझर्व्ह बँकेचे. बँकांना इंड एएस लागू करण्याचा निर्णय मार्च २०१९ मध्ये पुढे ढकलण्यात आला. तरीही गुंतवणुकीच्या वर्गीकरण व मूल्यांकनाविषयी सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने तीन स्तरांची उतरंड स्वीकारली. एवढेच करून ती थांबली नाही. तिसऱ्या स्तरातील गुंतवणुकीवरील निव्वळ अवसूल नफ्यातून लाभांश देण्यास तिने मनाई केली आणि तो नफा बँकेच्या मूळ भांडवलातून वजा करण्यास सांगितले. येथे स्तरांच्या भेदाला प्रथमच व्यावहारिक परिणाम प्राप्त झाला. दिसलेल्या किमतीला एक वागणूक आणि काढलेल्या किमतीला दुसरी, हे तत्त्व नियमात उतरले.

या दोहोंत रिझर्व्ह बँकेचे उत्तर अधिक तर्कशुद्ध वाटते. अविश्वास ठेवायचा तर तो मापन जेथे दुबळे आहे तेथे ठेवावा. अर्थात या भूमिकेवरही आक्षेप घेता येतो. मालमत्ता कोणत्या स्तरात घालावी हा निर्णय अंशतः व्यवस्थापनाच्याच हाती असतो. परिणाम जितका कडक, तितका तिसऱ्या स्तरातील मालमत्ता दुसऱ्यात दाखवण्याचा मोह मोठा. त्यामुळे असा नियम स्वीकारल्यास स्तर बदलण्याच्या कारणांची तपासणी अधिक काटेकोर व्हावी लागेल.

प्रकटीकरणातील उणिवा

इंड एएस ११३ प्रमाणे तिसऱ्या स्तरासाठी आरंभीच्या व अखेरच्या शिलकीचा मेळ, महत्त्वाच्या आदानांची संख्यात्मक माहिती आणि ती आदाने बदलल्यास मूल्यावर होणारा परिणाम टिपांमध्ये देणे आवश्यक आहे. कागदावर ही व्यवस्था परिपूर्ण दिसते. तरी तिच्यात तीन उणिवा राहतात.

पहिली उणीव आदानांच्या पल्ल्याविषयी आहे. 'वटावदर १० ते १८ टक्के' एवढीच नोंद असेल तर बहुतांश मालमत्ता १० टक्क्यांजवळ मोजली की १८ टक्क्यांजवळ, हे कळत नाही. अमेरिकी मंडळाने २०१८ मधील सुधारणेने सार्वजनिक कंपन्यांना पल्ल्यासोबत भारित सरासरीही देण्यास सांगितले. भारतीय मानकात तशी सक्ती नाही. दुसरी उणीव पडताळणीची आहे. मागील वर्षी तिसऱ्या स्तरात दाखवलेली मालमत्ता यंदा विकली गेली, तर तिची विक्रीची किंमत आणि अगोदर दाखवलेले मूल्य यांची थेट तुलना अहवालात मागितली जात नाही. अंदाज करणाऱ्याचे मागचे अंदाज कसे ठरले, हे पाहण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. तिसरी उणीव स्थानाची आहे. नफा मुखपृष्ठावर आणि त्याचा आधार शंभराव्या पानावरील टिपेत, अशी मांडणी झाल्यास सामान्य भागधारक त्या टिपेपर्यंत पोहोचत नाही.

समारोप

रास्त मूल्य टाकून मूळ खर्चाकडे परतणे हा उपाय नव्हे. यूएस ६४ चा अनुभव त्याविरुद्ध पुरेसा आहे. रास्त मूल्य हे सत्याचे दुसरे नाव आहे असे मानणेही तितकेच चुकीचे ठरेल. वरील विवेचनावरून तीन सुधारणा सुचवता येतात. तिसऱ्या स्तरातील अवसूल नफा किंवा तोटा नफा-तोटा पत्रकावरच स्वतंत्र ओळीत दाखवावा. त्याच्या आदानांचा पल्ला भारित सरासरीसह द्यावा. विकलेल्या मालमत्तेचे आधीचे मूल्य आणि प्रत्यक्ष विक्रीमूल्य यांचा तक्ता टिपांमध्ये जोडावा. यासाठी मापनाचे तत्त्व बदलण्याची गरज नाही. जी माहिती कंपनीजवळ असतेच, ती वाचकाला दिसेल अशा ठिकाणी आणणे एवढेच अभिप्रेत आहे.

या प्रश्नाचा संबंध महाविद्यालयीन अध्यापनाशीही आहे. वाणिज्य शाखेत ताळेबंद तयार करण्याचा जितका सराव होतो, तितका प्रकाशित ताळेबंद वाचण्याचा होत नाही आणि टिपांना तर क्वचितच हात लागतो. एखाद्या नोंदणीकृत कंपनीचा अहवाल वर्गात घेऊन तिच्या नफ्यातील किती रक्कम बाजारात दिसलेल्या किमतीवर उभी आहे आणि किती कंपनीच्या गृहीतकांवर, एवढे एकच वर्गीकरण विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तरी या विषयाचे मर्म त्यांच्या ध्यानी येईल. उद्याचे लेखापरीक्षक, बँक अधिकारी आणि गुंतवणूकदार याच वर्गातून बाहेर पडणार आहेत. ताळेबंदातील आकडा पाहून तो कोठून आला हे विचारण्याची सवय त्यांना येथेच लागली पाहिजे.